अमेरिकेत जन्मलेल्या मुलांना घेऊन तिथे परत जाताना: आधी काय, नंतर काय

‘सेल लागला होता म्हणून चौघांची तिकिटं काढून टाकली, आता मुलांच्या पासपोर्टचं काय करायचं?’ असा फोन मला वर्षातून तीन-चारदा तरी येतो. फोन करणारे हुशार असतात, दहा-दहा वर्षं अमेरिकेत काढलेले असतात. चुकतो तो फक्त क्रम. तिकीट आधी आणि कागद मागून, असं झालं की एकतर तिकिटाचे पैसे बुडतात, नाहीतर कुटुंबातलं एक माणूस मागे राहतं.

एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर तिकडे राहिलेल्या, मुलं तिकडेच झालेल्या, नंतर पुण्या-नाशकाला किंवा गोव्याला परतलेल्या आणि आता मुलांना त्यांची जन्मभूमी दाखवायला निघालेल्या घरांसाठी हे लिहिते आहे. आमच्या घरात लेक कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलची आणि धाकटा पुण्याचा. चार माणसं, दोन देशांचे पासपोर्ट. फी आणि अटी बदलत राहतात, म्हणून पैसे भरण्याआधी सरकारी संकेतस्थळ स्वतः उघडून बघा. व्हॉट्सॲपवर फिरणारी यादी नको.

टप्पा १: आठ महिने आधी, एका कागदावर घरातली माणसं मांडा

कोरा कागद घ्या, प्रत्येकाचं नाव लिहा आणि नावापुढे चार गोष्टी भरा: कोणत्या देशाचा पासपोर्ट, तो कधी संपतो, अमेरिकेत कशावर शिरणार, भारतात कशावर परतणार.

शेवटचा रकाना बहुतेकांचा कोरा राहतो. आपण भारतीय, त्यामुळे ‘भारतात कशावर परतणार’ हा प्रश्नच आपल्याला पडत नाही. पण अमेरिकी पासपोर्टवाली मुलगी पुण्यात वाढली, घरी मराठी बोलते, शाळेत ‘जन गण मन’ म्हणते, तरी भारताच्या दृष्टीने ती परदेशी नागरिक आहे. तिला परत यायला ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत सरकार देतं ते, व्हिसाऐवजी चालणारं कार्ड) किंवा व्हिसा लागतोच.

आमचा कागद असा होता: लेक अमेरिकी पासपोर्टवर जाणार, ओसीआयवर परतणार. मी, नवरा आणि धाकटा भारतीय पासपोर्टवर, जाताना तिघांनाही व्हिसा. म्हणजे ‘मुलांचे कागद आहेतच’ हे वाक्य आमच्या बाबतीत अर्धंच खरं होतं.

*तपासा:* पासपोर्टवरचं नाव आणि शाळेतलं नाव. तिकडे जन्मदाखल्यावर बऱ्याचदा नुसतं नाव आणि आडनाव असतं, इकडे शाळेत मध्ये वडिलांचं नाव येतं. तिकीट, विमा, हॉटेल या सगळ्यावर पासपोर्टवर आहे तेच नाव घाला. ट्रॅव्हल एजंट सवयीने मधलं नाव घुसडतो, त्याला आधीच बजावा.

टप्पा २: मुलांचा अमेरिकी पासपोर्ट

सगळ्यात जास्त वेळ खाणारं आणि सगळ्यात जास्त गृहीत धरलं जाणारं काम हेच. सोळाच्या आतल्या मुलांचा अमेरिकी पासपोर्ट फक्त पाच वर्षांचा असतो. बाळ तीन महिन्यांचं असताना काढलेला पासपोर्ट ते सीनियर केजीत जाईपर्यंत संपलेला असतो, आणि पुण्यात त्याची रोज गरज पडत नसल्यामुळे कोणाच्या लक्षातही येत नाही.

अमेरिकी नागरिकाने अमेरिकेत शिरताना आणि तिथून निघताना अमेरिकी पासपोर्टच वापरायचा, असा तिथला कायदा आहे. पासपोर्ट संपलाय तर लेकीला आपल्यासारखा व्हिसा काढू, ही पळवाट नाही. नागरिकाला व्हिसा देत नाहीत.

काम या क्रमाने करा:

१. मुंबईच्या अमेरिकी वकिलातीत अमेरिकी नागरिकांसाठीच्या विभागाची अपॉइंटमेंट घ्या. व्हिसाची अपॉइंटमेंट वेगळी आणि ही वेगळी. चुकीच्या रांगेत शिरू नका.

२. फॉर्म डीएस-११. सोळाच्या आतल्या मुलांचं टपालाने नूतनीकरण होत नाही, दर वेळी हाच फॉर्म भरून मुलासकट समोर जावं लागतं. फॉर्म भरा, छापा, पण सही करू नका. सही अधिकाऱ्यासमोरच करायची असते.

३. मूल आणि आई-वडील, तिघांनी जायचं. एका पालकाला येणं शक्य नसेल तर त्याचं नोटराइज केलेलं संमतीपत्र, म्हणजे डीएस-३०५३, आणि ओळखपत्राची प्रत लागते. नवरा बंगळुरूला असेल तर त्याने रजा टाकून मुंबईला येणं हे त्या कागदापेक्षा सोपं पडतं, असं माझं मत.

४. सोबत मूळ अमेरिकी जन्मदाखला, जुना पासपोर्ट, पालकांचे पासपोर्ट, या सगळ्यांच्या प्रती आणि दोन इंच बाय दोन इंचाचा फोटो. फोटोत चश्मा नको. कोपऱ्यावरच्या स्टुडिओत ‘पासपोर्ट फोटो’ म्हणालात तर भारतीय मापाचा उभा फोटो हातात पडेल. ‘अमेरिकेचा, चौकोनी’ असं सांगा.

५. लहान मुलांच्या पासपोर्टची फी मी लिहिते आहे तेव्हा १३५ डॉलर आहे.

पासपोर्ट हातात पडला की तिथेच उभं राहून नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख आणि जन्मठिकाण वाचा.

*सावध:* ऐनवेळी तातडीचा, कमी मुदतीचा पासपोर्ट मिळू शकतो. पण तो अडल्या-नडल्या प्रवासासाठी असतो. आधीपासून आखलेल्या सुट्टीचा बेत त्यावर बेतू नका. तीन महिने हातात ठेवा.

टप्पा ३: ओसीआय, आणि ते नसेल तर

मुलांकडे ओसीआय असेल तर काम थोडक्यात आटोपतं. वीस वर्षांच्या आतल्या कार्डधारकाने दर नव्या पासपोर्टनंतर कार्ड पुन्हा छापून घ्यायची जुनी सक्ती २०२१मध्ये गेली. आता नवा पासपोर्ट मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत ओसीआयच्या सरकारी संकेतस्थळावर त्याची प्रत आणि मुलाचा ताजा फोटो चढवायचा. त्याला पैसे पडत नाहीत. तरीही हजारभर रुपये घेऊन ‘ओसीआय रिन्यू’ करून देणारे एजंट आहेत. त्यांना नमस्कार करून पुढे चला.

नोंद झाल्याची जी पोच येते ती छापून कार्डाच्या मागे लावा. कार्डावर जुन्या पासपोर्टचा नंबर असतो, हातातल्या पासपोर्टवर नवा. या दोन नंबरांमधला दुवा ही पोच असते. जुना पासपोर्ट बरोबर ठेवण्याची सक्ती आता नाही, तरी मी ठेवते. काउंटरवरच्या माणसाशी नियमावर वाद घालण्यापेक्षा जुना पासपोर्ट पुढे सरकवणं सोपं.

आता अवघड प्रकार. काही घरांत मुलं एंट्री व्हिसावर भारतात आली, ‘ओसीआय नंतर काढू’ म्हणून राहिलं, आणि मध्येच व्हिसा संपून गेला. हे पालकांना कळतं ते प्रवासाचा विषय निघाल्यावर. अशा मुलाला विमानतळावर तसंच नेऊ नका, इमिग्रेशनवर अडवतील. आधी ऑनलाइन एफआरआरओकडे (परदेशी नागरिकांची नोंद ठेवणारं सरकारी कार्यालय) अर्ज करून मुक्काम नियमित करून घ्यायचा किंवा बाहेर जाण्याचा परवाना घ्यायचा, दंड भरायचा, आणि मगच पुढचं. लाजिरवाणं वाटतं म्हणून लोक हे काम शेवटपर्यंत लांबवतात. उलट ते पहिल्याच आठवड्यात हाती घ्या.

*तपासा:* ओसीआय कार्ड प्रत्यक्ष कुठे आहे? ‘घरात आहे’ हे उत्तर चालणार नाही. आमच्या पहिल्या फेरीला आम्ही रात्री मुंबईला निघालो. खालापूरच्या फूड मॉलवर वडापाव खाताना नवऱ्याने सहज विचारलं, ‘ओसीआय घेतलीस ना?’ पासपोर्ट सगळे पर्समध्ये होते, ओसीआय घरी कपाटातल्या निळ्या फायलीत. दिराने मध्यरात्री गाडी काढली आणि चेक-इन बंद व्हायला चाळीस मिनिटं असताना फाइल आणून दिली. जाताना नसतं तर कदाचित निभावलंही असतं, पण परतीच्या विमानात लेकीला बसवलं नसतं. तेव्हापासून मुलांचा पासपोर्ट आणि ओसीआय एकाच रबरबँडमध्ये असतात.

टप्पा ४: आपला व्हिसा

इथे माणसं दोन गैरसमजांवर घसरतात.

पहिला: ‘माझ्या पासपोर्टवर एच-१बीचा शिक्का अजून वर्षभर चालू आहे.’ चालू असला तरी ती नोकरी आता नाही. मुलांना उद्यान दाखवायला नोकरीच्या व्हिसावर जाता येत नाही. तुम्हाला बी-१/बी-२ हा भेटीचा व्हिसाच लागणार.

दुसरा: ‘आमचं ग्रीन कार्ड होतं, आता वापरत नाही.’ वापरत नाही म्हणजे सोडलं असं होत नाही. ते आय-४०७ या फॉर्मने रीतसर परत करा, त्याचा पुरावा ठेवा, मग भेटीच्या व्हिसाचा अर्ज करा.

मुलगी अमेरिकी आहे म्हणून पालकांना व्हिसा सोपा जातो, असंही नाही. ती एकवीस वर्षांची होईपर्यंत तिच्या नागरिकत्वाचा आपल्याला कागदोपत्री काही उपयोग नसतो.

क्रम असा: प्रत्येक माणसाचा स्वतंत्र डीएस-१६० हा व्हिसा-अर्जाचा फॉर्म, मग फी (सध्या माणशी १८५ डॉलर), मग अपॉइंटमेंट. ती दोन भागांत असते: आधी बोटांचे ठसे आणि फोटो, नंतर वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत मुलाखत. दोन्ही एका दिवशी उरकायच्या नादी लागू नका. पुण्याहून जाणाऱ्यांनी मुंबईत एक रात्र धरावी. वकिलातीत मोबाइल आणि बॅग नेता येत नाही, तेव्हा त्या कोणाकडे ठेवायच्या हे आदल्या दिवशी ठरवा.

फॉर्ममध्ये गेल्या पाच वर्षांतली सोशल मीडियाची खाती विचारतात. जुनं, विसरलेलं खातंसुद्धा लिहा. आणि फॉर्म दुरुस्तीसाठी नव्याने भरलात तर त्याचा नंबर बदलतो. अपॉइंटमेंटवरचा नंबर आणि हातातल्या फॉर्मवरचा नंबर एकच आहे ना, हे बघा. एवढ्याशा कारणाने माणसं दारातून परत आली आहेत.

धाकट्या भावंडाचा जन्म भारतातला असेल तर त्याचाही पूर्ण अर्ज लागतो. चौदाच्या आतल्या मुलांना मुलाखतीतून सरसकट सूट मिळायची, ती सप्टेंबर २०२५पासून गेली. आमचा सात वर्षांचा मुलगा रांगेत दीड तास उभा होता. डबा आत नेता येत नाही, त्याला पोटभर खायला घालून न्या.

मुलाखतीत मुलांच्या जन्माचा विषय निघू शकतो: तेव्हा तुम्ही कोणत्या व्हिसावर होता, बाळंतपणाचा खर्च कोणी केला. घाबरण्यासारखं काही नाही. त्या वेळचे पगाराचे कागद आणि विमा कंपनीने हॉस्पिटलला पैसे दिल्याचं पत्र फायलीत असू द्या. विचारलं तर दाखवा, नाही विचारलं तर गप्प बसा. ‘मुलांना त्यांचं जन्मगाव दाखवायचंय, तीन आठवडे, मित्रांकडे राहणार, जूनमध्ये शाळा सुरू’ इतकं सरळ उत्तर पुरतं. आपण तिकडे किती कर भरला हे सांगायला लागू नका.

*सावध:* मुलाखतीच्या तारखा कधीकधी महिनोन् महिने पुढच्या असतात. दिल्ली, चेन्नई, हैदराबाद, कोलकात्याच्याही बघा. व्हिसाचा शिक्का मारलेला पासपोर्ट हातात येईपर्यंत परत न मिळणारं तिकीट काढू नका.

टप्पा ५: तारखा, मग तिकीट

मे महिन्याच्या सुट्टीत जायचं हे आपल्याकडे ठरलेलंच असतं. पण मुलांना त्यांची जुनी शाळा किंवा पाळणाघर भरलेलं बघायचं असेल तर तिकडची शाळा मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंतच असते. म्हणून एप्रिलअखेर निघून मेच्या तिसऱ्या आठवड्यात परतणं चांगलं. जुलैत गेलात तर बंद दारापुढे फोटो काढून याल.

वाटेतला थांबा निवडताना दोन्ही पासपोर्टांचे नियम स्वतंत्रपणे बघा. आपल्याला वाटेतल्या देशाचा ट्रान्झिट व्हिसा लागेल आणि मुलांना लागणार नाही, किंवा उलटही. विशेषतः कॅनडामार्गे स्वस्त तिकीट दिसलं तर भारतीय पासपोर्टवाल्यांनी आधी हे बघावं. अबू धाबीमार्गे गेलात तर अमेरिकेचं इमिग्रेशन तिथेच होतं आणि पलीकडे देशांतर्गत प्रवाशासारखं बाहेर पडता येतं. मुलं दमलेली असताना हे फार बरं पडतं, पण अबू धाबीला मध्ये किमान तीन तास ठेवा.

एकच पालक मुलांना घेऊन जाणार असेल तर दुसऱ्याचं नोटरी केलेलं संमतीपत्र बरोबर असू द्या. आडनावं वेगळी असतील तर लग्नाचा दाखलाही. विचारतीलच असं नाही, पण विचारलं तर रात्री दोन वाजता नोटरी कुठून आणणार?

टप्पा ६: विमा, औषधं, बॅगा

‘मुलं तिथली नागरिक, त्यांना दवाखाना फुकट असेल’ हे मी दोघातिघांकडून ऐकलंय. तिथे नागरिकालाही दवाखाना फुकट नाही. विमा सगळ्यांचा काढा, पण इथल्या कंपन्यांच्या काही प्रवास-पॉलिसी परदेशी पासपोर्टवाल्याला, विशेषतः त्याच्या स्वतःच्या देशात जाताना, लागू होत नाहीत. एजंटच्या तोंडी ‘होतं हो सगळं’वर जाऊ नका. मुलाचा पासपोर्ट कोणत्या देशाचा ते लिहून विचारा आणि लेखी उत्तर घ्या.

तापाचं औषध इकडूनच न्या. आपल्याकडचं पॅरासिटामॉल तिकडे ॲसिटॅमिनोफेन या नावाने मिळतं, आणि लहान मुलांच्या सिरपमध्ये पाच मिलीत १६० मिलिग्रॅम असतं. आपल्याकडे १२० किंवा २५० असतं. इकडच्या सवयीच्या चमच्याने तिकडचं औषध दिलं की मात्रा चुकते. बाटली कुठलीही असो, लेबल वाचूनच द्या.

खाऊ: मांस, ताजी फळं आणि भाज्या नकोत, म्हणजे हापूसही नको. तांदूळ अजिबात नको. भारतातून सामानात तांदूळ नेण्यावर तिथे धान्यातल्या किडीमुळे बंदी आहे. अख्खी कडधान्यंही टाळा. लोणचं, चकली, दळलेले मसाले चालतात, पण कस्टमच्या फॉर्मवर किंवा तोंडी विचारल्यावर ‘खाण्याचे पदार्थ आहेत’ हे सांगायचंच. सांगून काढून घेतलं तर पदार्थ जातो, लपवून सापडलं तर दंड होतो. मेतकूट, भाजणी, नाचणीसत्त्व हातातल्या बॅगेत नको. अमेरिकेला जाणाऱ्या विमानात साडेतीनशे मिलीपेक्षा जास्त भुकटी असली तर वेगळी तपासणी होते, आणि मेतकुटाचा रंग सुरक्षारक्षकाला समजावणं कठीण असतं.

टप्पा ७: मुलांची तयारी, आणि आपलीही

कागद झाले की बहुतेकांना तयारी संपली असं वाटतं. माझ्या मते सहलीचा विचका होतो तो इथे.

लेक सनीव्हेल सोडून आली तेव्हा पाच वर्षांची होती, परत गेली तेव्हा दहाची. आम्ही यादी केली: गोल्डन गेट, स्टॅनफर्ड, लिव्हरमोरचं शिव-विष्णू मंदिर. तिला विचारलं तर म्हणाली, ‘ते धुण्याचं खोकं.’ आमच्या अपार्टमेंटच्या खाली सगळ्यांसाठी कपडे धुण्याची खोली होती. यंत्रात ओळीने क्वार्टर, म्हणजे पाव डॉलरची नाणी, उभी करायची आणि खटकन आत ढकलायची, हे काम तिचं असायचं. पुण्याला येताना तिने आठ क्वार्टर गल्ल्यात जपून आणले होते. ते घेऊन आम्ही गेलो. यंत्रं नवी होती, मोबाइलच्या ॲपवर चालणारी. ती काही वेळ त्या यंत्राजवळ उभी राहिली, मग एक क्वार्टर यंत्राच्या वर ठेवून बाहेर आली. गोल्डन गेटवर तिने एकदाही मान वर केली नाही, थंडी वाजत होती.

म्हणून निघण्याच्या महिनाभर आधी हे करा:

मुलांना एकेकटं बसवून विचारा, काय आठवतं? जुने फोटो दाखवण्याआधी विचारा, नाहीतर फोटोच आठवणी होऊन बसतात. ती यादी त्यांच्या शब्दांत लिहा आणि रोज त्यातली एक गोष्ट ठेवा. आपली यादी त्यानंतर.

शाळेला किंवा पाळणाघराला आधी मेल पाठवा. वर्ग चालू असताना कोणालाही आत सोडत नाहीत. ऑफिसात ओळखपत्र दाखवून नोंद करावी लागते आणि बऱ्याचदा शाळा सुटल्यानंतरचीच वेळ देतात. जुन्या घराचंही तसंच. भाड्याच्या संकुलात लीजिंग ऑफिसला विचारलं तर आवारात फिरू देतात, पण आता तिथे राहणाऱ्याचं दार वाजवू नका. ज्या हॉस्पिटलात जन्म झाला तिथे प्रसूतिविभागात जाता येत नाही. बाहेरून बघायचं हे मुलांना आधीच सांगा.

मित्रमैत्रिणींची भेट ठरवताना मनात जास्त काही धरू नका. पाच वर्षांची असताना जिवाभावाची असलेली मैत्रीण दहाव्या वर्षी फोनमधून डोकं वर काढत नाही. घरी जेवायला बोलावण्यापेक्षा बागेत किंवा पोहायच्या तलावावर भेटा. हाताला काम असलं की मुलं आपोआप बोलायला लागतात.

धाकट्याकडे लक्ष द्या. ‘ताईचा देश’, ‘ताईची शाळा’, ‘ताईचं हॉस्पिटल’ असं तीन आठवडे ऐकणाऱ्या मुलाचं काय होतं ते आम्ही बघितलं. चौथ्या दिवशी त्याने जेवण सोडलं. पुढच्या फेरीला नकाशा, तिकिटं आणि रोजचा खर्च लिहिण्याची वही त्याच्याकडे दिली, आणि दोन दिवस पूर्ण त्याच्या आवडीचे ठेवले. कॅलट्रेन या तिथल्या लोकलने नुसतं सॅन फ्रान्सिस्कोला जाऊन यायचं, इतकंच त्याला हवं होतं.

*सावध:* मित्रांच्या घरी सलग दोन आठवडे राहू नका. तिकडे घरात मदतीला बाई नसते, दोघं नोकरीला असतात, आणि चार पाहुण्यांचे कपडे रोज धुतले जातात. एका घरी तीन-चार रात्री, मध्ये चार दिवस स्वतःचं भाड्याचं घर, मग दुसरं घर. मैत्री टिकते.

टप्पा ८: उतरल्यावरचे तीन दिवस

इमिग्रेशनला अमेरिकी पासपोर्टवाल्यांची रांग वेगळी आणि भेटीला आलेल्यांची वेगळी. लहान मुलांना एकटं त्यांच्या रांगेत ढकलू नका. तिथल्या कर्मचाऱ्याला ‘आम्ही एक कुटुंब आहोत’ सांगा आणि तो सांगेल तिकडे सगळे एकत्र उभे राहा. आमच्या वेळी अधिकारी लेकीकडे बघून ‘वेलकम होम’ म्हणाला, आणि आमच्याकडे वळून ‘किती दिवस?’ धाकट्याने तिथेच विचारलं, ‘मला का नाही म्हणाला?’ उत्तर आधी तयार ठेवा. आमच्याकडे नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुमचा आय-९४, म्हणजे प्रवेशाची नोंद, अमेरिकी सीमाशुल्क खात्याच्या संकेतस्थळावरून काढून वाचा. व्हिसा दहा वर्षांचा असला तरी या वेळी किती दिवस राहता येईल ते आय-९४वरची तारीख ठरवते. सहसा सहा महिने मिळतात. नावात किंवा तारखेत चूक असेल तर लगेच दुरुस्त करून घ्या. अमेरिकी पासपोर्टवाल्या मुलांना आय-९४ नसतो, त्यांचा शोधत बसू नका.

कॅलिफोर्नियात उन्हाळ्यात घड्याळ साडेबारा तास मागे असतं. मुलं रात्री दोनला टक्क जागी होणार. भांडू नका, पोहे करून द्या. पहिले दोन दिवस फक्त जवळची बाग आणि लायब्ररी. पाच तास गाडी चालवून जायचे बेत तिसऱ्या दिवसानंतर.

गाडी भाड्याने घेण्याआधी मुलांच्या सीटची सोय. कॅलिफोर्नियात आठ वर्षांखालच्या मुलाला मागच्या बाजूला कारसीट किंवा बूस्टरवर बसवावं लागतं, आणि दोन वर्षांखालच्या बाळाचं तोंड मागे हवं, अपवाद फक्त वजनाने वा उंचीने मोठ्या बाळांचा. बाकी राज्यांचे नियम वेगळे. मित्राची जुनी सीट घेत असाल तर तिच्यावर छापलेली मुदत वाचा. सीटलाही मुदत असते, हे तिकडे राहूनही मला माहीत नव्हतं.

टप्पा ९: तिथे आहात तर हे कागद करून घ्या

एक दिवस यासाठी राखून ठेवा. पुढची दहा वर्षं वाचतील.

जन्मदाखल्याच्या दोन-तीन जादा प्रमाणित प्रती. जन्म ज्या काउंटीत झाला तिथल्या क्लर्क-रेकॉर्डरच्या ऑफिसात मिळतात. आमचं काम सँटा क्लारा काउंटीत झालं. कॅलिफोर्नियात दोन प्रकारच्या प्रती देतात: एक ओळख सिद्ध करायला चालते, दुसरी फक्त माहितीपुरती असते आणि तिच्यावर तसं छापलेलं असतं. पालक म्हणून पहिली मागा. माहितीपुरती प्रत घेऊन पासपोर्टला गेलात तर परत पाठवतील.

त्यातल्या एका प्रतीवर अपोस्टील, म्हणजे दाखला दुसऱ्या देशात चालावा म्हणून केलेलं सरकारी प्रमाणीकरण. भारतात काही ठिकाणी परदेशी जन्मदाखला अपोस्टीलसकटच मागतात, आणि ते इथे बसून होत नाही. जन्म ज्या राज्यातला, त्या राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडूनच मिळतं. कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटो किंवा लॉस एंजेलिसच्या खिडकीवर प्रत्यक्ष जाता येतं, नाहीतर टपालाने पाठवायचं. प्रत रेकॉर्डरच्या सहीची असली तर सरळ काम होतं. आरोग्य अधिकाऱ्याच्या सहीची असली तर आधी काउंटी क्लर्ककडून ती सही प्रमाणित करून घ्यावी लागते, आणि एक हेलपाटा वाढतो.

सोशल सिक्युरिटी कार्ड हरवलं असेल तर नवं फुकट मिळतं. नंबर तोच राहतो.

टप्पा १०: परतीचं विमान

तिकडच्या चेक-इन काउंटरवर मुलांचा अमेरिकी पासपोर्ट बघून पहिला प्रश्न येतो, ‘इंडियाचा व्हिसा?’ तेव्हा ओसीआय पुढे करायचं. म्हणजे ते मोठ्या बॅगेत गेलेलं नको. आदल्या रात्री सामान भरताना मुलांच्या कागदांचा तो रबरबँड हातात धरून मोजा: पासपोर्ट, ओसीआय, पोच. प्रत्येक मुलाचे तीन.

घरी आल्यावर बॅगा उघडायच्या आधी नव्या कागदांचे स्कॅन करा आणि मुलांच्या पासपोर्टची मुदत संपण्याच्या नऊ महिने आधीचा गजर फोनमध्ये लावा, दोघांच्याही फोनमध्ये. मूल सोळाचं झालं की पुढचा पासपोर्ट दहा वर्षांचा मिळतो. लेकीच्या सोळाव्या वाढदिवसाला चार महिने बाकी असताना जुना संपत असेल आणि मध्ये प्रवास नसेल, तर थांबा आणि वाढदिवसानंतर अर्ज करा.